पहिला तास कुणाचा?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग थंडी... कारणं पुष्कळ सांगता येतील. पण खरं सांगायचं तर एक विषय डोक्यात घोळत होता आणि तो काही केल्या नीट मांडता येत नव्हता. आज जमेल तसा मांडते.

सुरुवात झाली ती २६ जानेवारी २०२५ ला. त्या वर्षी प्रजासत्ताक दिन रविवारी आला होता. आमच्या सोसायटीत दरवर्षी झेंडावंदन असतं. आठवडाभर आधी चेअरमन घरी आले आणि म्हणाले, "बाई, यंदा झेंडा तुमच्या हस्ते. सोसायटीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षिका तुम्ही." वेळ सकाळी आठची. आमच्या चर्चची उपासना साडेआठला, आणि नेमकं त्याच रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे. मी आपली दोन्हीकडे 'हो' म्हणून बसले!

सकाळी आवरून वेळेवर खाली गेले. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, लहान मुलांनी दोन गाणी म्हटली. मी रिक्षाकडे निघाले तेव्हा शेजारचे एक गृहस्थ जवळ आले. माणूस तसा चांगला, माझ्या आजारपणात औषधं आणून देणारा. म्हणाले, "बाई, तुम्ही याल की नाही शंकाच होती. आज तुमचा वार ना! पण बरं वाटलं. तुम्ही आपलं मानता हे सगळं."

आपलं मानता. मी हसले आणि रिक्षात बसले. पण ते दोन शब्द बुटात गेलेल्या खड्यासारखे चर्चपर्यंत टोचत राहिले. तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. ज्या मातीत माझे आजोबा-पणजोबा निजले आहेत ती माती मी 'आपली मानते' म्हणून कुणाला तरी बरं वाटलं!

चर्चमध्ये पोहोचायला दहा मिनिटं उशीर झाला. पहिलं गीत संपलं होतं. शास्त्रवाचन मात्र चुकलं नाही. उपासना संपल्यावर दारात आमच्या मंडळीतले एक वडील भेटले. हात मिळवता मिळवता म्हणाले, "काय बाई, प्रभूच्या दिवशी प्रभूच दुसऱ्या नंबरवर?"

तेही थट्टेतच म्हणाले. पण तासाभरात दोन खडे झाले.

आणि संध्याकाळी नात आली. ती नर्सिंगची पदवी घेऊन एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करते. जर्मनीला जायचं म्हणून वर्षभर जर्मन भाषा शिकत होती, आणि आता बोलावणं आलं होतं. चहा घेताना तिनं विचारलं, "आजी, खरं सांग. देश सोडून जाणं चुकीचं आहे का? तू तर म्हणतेस, आधी देव, मग बाकी सगळं. मग यात देवाला काय हवं असेल?"

एकाच दिवशी तीन माणसांनी तीन तऱ्हांनी मला एकच प्रश्न विचारला होता, की तुमच्या आयुष्यात पहिला नंबर कुणाचा?

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार असतं. लहानपणी शब्बाथशाळेत आम्हाला क्रम पाठ करून घेतला होता. आधी देव, मग आईवडील आणि घर, मग मंडळी, मग काम, मग देश. माझ्या ओळखीच्या एका घरात ही यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे. माझ्या हिंदू मैत्रिणींकडे यादीत थोडा फरक असतो, काहींकडे हल्ली देश सगळ्यांत वर असतो. पण यादी सगळ्यांकडे असते. आणि खरं सांगू का, आपण जगतो ते या यादीप्रमाणे मुळीच नाही.

मी गंमत म्हणून माझी हिशेबाची वही काढून पाहिली. नोकरीला लागल्यापासून हिशेब लिहायची सवय आहे. दशांश दर महिन्याला बाजूला काढलेला दिसला, त्यामुळे जरा बरं वाटलं. बाकी वीज, औषधं, किराणा, लग्नातले आहेर. देशाच्या नावानं काही शोधू गेले तर कापलेला कर, आणि ध्वजनिधीला दिलेले काही रुपये. वेळेचा हिशेब तर लिहितच नाही, आणि नाही ते बरंच आहे. रोज संध्याकाळी दीड तास मालिका आणि प्रार्थना वीस मिनिटं, असं काहीतरी निघालं असतं. आपला खरा अग्रक्रम आपण तोंडानं सांगतो त्यात नसतो, तो या वहीत असतो.

पण मला आज सांगायचं आहे ते यापुढचं. यादी प्रामाणिकपणे पाळली तरीसुद्धा माणूस चुकू शकतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुख्याध्यापक होते. १९७२ चा दुष्काळ आमच्या भागात किती भयंकर होता हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत नाहीतर बाजारात गेली, माणसं खडी फोडायला गेली. खायला तांबडी मिलो ज्वारी मिळायची. आणि सुकडी. शाळेच्या व्हरांड्यात अण्णा स्वतः उभं राहून मुलांना सुकडी वाटायचे. मी तेव्हा नगरला बी.ए. करत होते, सुट्टीत घरी आले होते. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा, त्याच शाळेत. अण्णा त्याला रोज रांगेत सगळ्यांत शेवटी उभं करायचे.

कधी कधी त्याच्यापर्यंत येईतो पातेल्याचा तळ दिसायचा. मग जे खरवडून निघेल ते त्याचं. आई चिडायची. "अहो, तेही लेकरूच आहे ना? मास्तरचा पोरगा म्हणून त्याला भूक नाही का?" अण्णा म्हणायचे, "मी माझ्या पोराला आधी वाढलं तर उद्या गाव माझ्यावर विश्वास ठेवील का? आपण चार घरं ख्रिस्ती. मुख्याध्यापक ख्रिस्ती. आपलं वागणं स्वच्छ दिसलं पाहिजे."

मला तेव्हा अण्णांचा फार अभिमान वाटला होता. कॉलेजात मैत्रिणींना सांगितलंही होतं. अजूनही त्यात काहीतरी मोठं होतं असं मला वाटतं. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत ते आधी गावासाठी मागायचे. पावसासाठी, पाटलांच्या आजारी सुनेसाठी, खडीवर हात ठेचून घेतलेल्या बाईसाठी. आमची नावं शेवटी यायची. आम्ही झोपेला आलेले असायचो, पण आमचं नाव येईपर्यंत जागे राहायचो.

आता दुसरी गोष्ट. ही मी कधी लिहिली नाही.

१९९१ च्या जनगणनेचं काम फेब्रुवारीत होतं. ९ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत. शिक्षकांना ते लागतंच, मलाही लागलं. शाळा सुटली की याद्या आणि तक्ते घेऊन मी घरोघर फिरायची. त्याच वेळी गावाकडे अण्णा आजारी पडले. भावाचा निरोप आला, एसटीने आलेल्या एका गाववाल्याच्या हाती चिठ्ठी. 'अण्णांचं खरं नाही, लवकर ये.' गाव चाळीस किलोमीटरवर. मी चिठ्ठी घेऊन आमच्या मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही जा. मी बदली माणूस मिळवून देतो." आणि मी काय म्हणाले असेन? "नको सर, राष्ट्रीय काम आहे. थोडीच घरं राहिलीत. संपवूनच जाते."

अण्णा २६ फेब्रुवारीला गेले. मी मातीला पोहोचले. स्मशानभूमीत सगळं आटोपल्यावर भाऊ माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तूही आम्हाला रांगेत शेवटी उभं केलंस."

त्यानं आवाज चढवला असता तर मी भांडले असते. त्याच्या हळू बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की मी कर्तव्य केलं. अण्णांनीही हेच केलं असतं, असंही म्हणत होते. पण एकदा मार्काच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय वाचताना मी अडखळले. तिथे प्रभू येशू शास्त्र्यांना आणि परूश्यांना चांगलंच सुनावतात. त्या लोकांनी एक पळवाट काढली होती. आईवडिलांना जे द्यायला हवं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण झालं असं जाहीर करायचं. मग आईवडिलांसाठी काही करायची जबाबदारी संपली! वर देव पहिला ठेवल्याचं पुण्यही पदरात. प्रभू म्हणतात त्याचा मथितार्थ असा की देवाचं नाव पुढे करून तुम्ही देवाचीच आज्ञा मोडता आहात.

मी ते वाचून पुस्तक मिटलं. माझं कुर्बान 'राष्ट्रीय काम' होतं.

कारण मला खरोखर देशाची इतकी काळजी होती का? बदली माणूस मिळत होता. देशाचं काहीही अडलं नसतं, एकही घर मोजायचं राहिलं नसतं. मला हवं होतं ते वेगळंच. 'बाईंनी वडील आजारी असताना काम सोडलं नाही' हे शाळेत बोललं जायला हवं होतं. आणि आत खोलवर अण्णांसारखीच भीतीही होती की 'या लोकांचं मन इथे नाही' असं कुणी म्हणू नये. शेजारच्या गृहस्थांच्या त्या 'आपलं मानता'ला मी चौतीस वर्षं आधीच उत्तर देऊन बसले होते, वडिलांच्या शेवटच्या भेटीची किंमत मोजून.

म्हणून मला आता यादीची भीती वाटते. देश वर, घर खाली, असं लिहिलं की घरच्यांना रांगेत शेवटी उभं करायला कारण मिळतं. घर वर आणि देश खाली लिहिलं की 'मुलाबाळांसाठी' म्हणून लाच घ्यायलाही कारण मिळतं. अशी कितीतरी कुटुंबवत्सल माणसं आपण पाहिली आहेत. आणि देवाला सगळ्यांत वर लिहून बाकीच्यांशी कसंही वागणारी माणसंही आमच्या मंडळ्यांतून काही कमी नाहीत.

मग देव पहिला म्हणजे काय? मी जन्मभर शाळेत काढलं, त्यामुळे मला शाळेचंच उदाहरण सुचतं.

शाळेचं वेळापत्रक करताना नेहमी भांडण असतं ते पहिल्या तासावरून. मुलं ताजीतवानी असतात, म्हणून गणिताच्या सरांना पहिला तास हवा, इंग्रजीच्या बाईंनाही हवा. मराठीला बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतरचा, मुलं पेंगतात तो तास मिळायचा! मी तरुण असताना यावरून भांडायची. पुढे एकदा लक्षात आलं की ज्या मुलाला नीट वाचता येत नाही त्याला गणितातलं शाब्दिक उदाहरण सुटत नाही, इतिहासाचा धडा कळत नाही, विज्ञानाचा प्रश्नच समजत नाही. भाषा हा एक तास नाहीच. ती सगळ्या तासांत आहे. तिला पहिला तास दिला आणि पुढचे सहा तास मुलाला वाचता आलं नाही तर त्या पहिल्या तासाला अर्थ काय?

देवाचं राज्य आधी शोधा, असं प्रभूंनी डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, त्याचा अर्थ मला आता असा लागतो. देव हा माझ्या दिवसाचा पहिला तास नाही, की तो भरला की बाकीचे तास माझे. देवावर प्रीती हे वाचायला येण्यासारखं आहे. ते आलं की आईचा चेहरा वाचता येतो, शेजाऱ्याचं दुःख वाचता येतं, देशाची गरज वाचता येते. आणि ज्याला समोरच्याची भूक वाचता येत नाही त्यानं देवाला कितवा नंबर दिला आहे हे विचारण्यातही अर्थ नाही.

कैसराचं नाणं आपल्याला माहीत आहे. कर द्यावा की नाही, असं विचारून प्रभूंना पेचात पकडायला आलेल्यांना त्यांनी नाणं दाखवायला सांगितलं. नाण्यावर कैसराचा मुखवटा होता, म्हणून ते कैसराला द्यायचं, आणि देवाचं ते देवाला. या उत्तरानं लोक दोन खाती पाडतात, एक सरकारचं आणि एक देवाचं. पण देवाचा मुखवटा कशावर आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे की तो माणसावर आहे. झेंड्याभोवती उभी असलेली सोसायटीतली पोरं, झाडू घेऊन बाजूला थांबलेल्या सफाईवाल्या मावशी, ते शेजारचे गृहस्थसुद्धा, या सगळ्यांवर. मग आठ वाजता मी ज्यांच्यात उभी होते आणि पावणेनऊला ज्याच्यासमोर उभी होते, त्यांच्यात भांडण कसलं?

देशप्रेमाविषयी शास्त्रात शोधायला गेलं तर मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो नहेम्या. हा पारसाच्या राजाचा प्याला भरणारा. राजवाड्यातली नोकरी, काही कमी नाही. यरुशलेमाची तटबंदी पडली आहे हे ऐकून तो बसून रडतो, उपास करतो आणि मग राजाची परवानगी काढून तिकडे जातो. गेल्या गेल्या भाषण करत नाही. रात्री थोडी माणसं घेऊन गुपचूप पडक्या भिंतीभोवती फिरतो आणि किती पडलं आहे ते आधी डोळ्यांनी पाहतो. त्यानंतरचा तिसरा अध्याय लोक कंटाळून गाळतात, कारण त्यात नुसती नावं आहेत. कुणी कुठला भाग बांधला त्याची यादी. माझ्या फार आवडीचा अध्याय आहे तो. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, याजक आहेत, आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलेला शल्लूम आहे. तकोवाच्या थोरामोठ्यांनी मात्र कामाला खांदा दिला नाही, तेही नोंदवलं आहे! आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते, की अमक्यानं आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. बावन्न दिवसांत तट उभा राहिला.

आपल्या घरासमोरचा भाग! घर आणि देश यांतलं भांडण तिथे मिटतं. सगळी भिंत कुणा एकाला बांधायची नव्हती. पण घरासमोरची तेवढी पडकी ठेवून दुसरीकडे जाऊन घोषणा द्यायलाही जागा नव्हती.

पाचव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. भिंतीचं काम चालू असताना गरीब लोक आरडाओरड करत येतात. आपल्याच भाऊबंदांनी व्याजानं त्यांची शेतं गिळली होती, मुलंबाळं गुलामीत जात होती. नहेम्या 'आता देशकार्य चालू आहे, नंतर बघू' असं म्हणत नाही. तो सभा बोलावून त्या सावकारांना जाब विचारतो. म्हणून मला वाटतं की देशावर प्रेम करणाऱ्यानं देशातल्या अन्यायाविषयी बोललं तर त्याचं प्रेम कमी होत नाही. प्रभू येशू यरुशलेमाकडे पाहून रडले. ज्या नगराच्या चुका त्यांनी तोंडावर सांगितल्या त्याच नगरासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं रडणं किंवा नुसतं सुनावणं सोपं आहे. दोन्ही एकत्र करणारा तो खरा आपला.

पूर्वी कुणी आमच्या देशप्रेमाविषयी शंका घेतली की मी नावं मोजून दाखवायची. आता प्रमाणपत्रासाठी मोजत नाही. आईला कुणी 'मी तुझाच' हे सिद्ध करून दाखवत नाही. पण आयुष्यात काय आधी ठेवावं हे शिकायचं असेल तर ती माणसं आठवावीत.

पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या, तिथून १८८६ ला अमेरिकेला. तिकडे त्यांचं नाव झालं होतं, लोक त्यांची व्याख्यानं ऐकायला येत होते. तिथे राहिल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. १८८९ ला त्या परत आल्या आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला. ख्रिस्ती झाल्या म्हणून इकडचे लोक रागावले, आणि मिशनऱ्यांचं सगळं डोळे मिटून मान्य करत नाहीत म्हणून तिकडचे काही नाराज. दोन्ही खडे त्यांच्याही बुटात होते. त्या चालत राहिल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. ख्रिस्ताकडे जाताना मराठीपण उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं नसतं हे त्यांनी आम्हाला शिकवलं. आणि हरेंद्रकुमार मुखर्जींचं नाव तर फार थोड्यांना ठाऊक असेल. कलकत्त्याचे इंग्रजीचे प्राध्यापक, ख्रिस्ती, घटना समितीचे उपाध्यक्ष. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा नकोत, हा ठराव १९४९ च्या मे महिन्यात सल्लागार समितीत त्यांनी मांडला. आपल्या समाजाला रांगेत पुढे जागा मिळत असताना ती त्यांनी सोडली, बहुसंख्य देशबांधवांवर विश्वास टाकून. त्या विश्वासाचं ओझं आता दोन्ही बाजूंवर आहे असं मी मानते. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांच्यावर जरा जास्तच.

मात्र हे सगळं मोठं मोठं लिहिताना मला योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग विसरून चालत नाही. प्रभू वधस्तंभावर आहेत. आमच्या श्रद्धेप्रमाणे त्या घटकेला साऱ्या जगाच्या तारणाचं काम चाललं होतं. त्याहून मोठं काम कुठलं असणार? आणि त्या वेदनांमध्येसुद्धा खाली उभी असलेली आई त्यांना दिसते. तिला ते आपल्या शिष्याच्या हवाली करतात, आता तिला कोण सांभाळणार याची व्यवस्था लावतात. मोठं काम चालू आहे, आई नंतर, असं ते म्हणाले नाहीत.

मला थोडीच घरं मोजायची राहिली होती.

माझा भाऊ हे वाचेल. तो माझं सगळं वाचतो आणि शुद्धलेखनाच्या चुका फोनवर सांगतो. त्याला मी इतक्या वर्षांत हे तोंडानं म्हणू शकले नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. दादू, तुझं बरोबर होतं. मी चुकले. अण्णांचंही तुझ्या बाबतीत थोडं चुकलंच. रांगेत शेवटी उभं राहणं मोठं आहे, पण स्वतःहून उभं राहिलं तर. दुसऱ्याला, तेही अकरा वर्षांच्या पोराला, आपल्या तत्त्वासाठी शेवटी उभं करणं हे निराळं. तरी एक सांगते. प्रार्थनेत तुझं नाव सगळ्यांत शेवटी यायचं, आणि तिथे अण्णांचा आवाज दरवेळी बदलायचा. तू तोवर झोपलेला असायचास. मी ऐकलं आहे.

असो. नातीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

मी तिला 'जा' म्हटलं नाही आणि 'जाऊ नको'ही म्हटलं नाही. यिर्मयानं बाबेलात नेलेल्या आपल्या लोकांना पत्र पाठवलं होतं, ते तिला काढून दाखवलं. त्यात तो सांगतो की तिथे घरं बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. तेव्हा जर्मनीतल्या म्हाताऱ्या रुग्णाच्या तोंडात तू प्रेमानं औषध घातलंस तर देव काही परका होत नाही, आणि देशही नाही. पण जाण्याआधी एवढं बघ की तू कशापासून पळून तर जात नाहीस ना. आणि राहणार असशील तर लोक काय म्हणतील म्हणून राहू नकोस. तसं राहिलेल्या माणसाचं काय होतं ते तुझ्या आजीला विचार. जिथे असशील तिथे रात्री फिरून आपल्या घरासमोरची भिंत किती पडली आहे ते बघ, आणि तेवढी बांधायला घे.

ती म्हणाली, "आजी, हे उत्तर नाही झालं."

मी म्हटलं, "बाळा, परीक्षेत उत्तरपत्रिका शिक्षकांनी लिहायची नसते."

तिनं अजून ठरवलेलं नाही. विचार करते आहे, आणि मला तेच बरं वाटतं.

शेजारच्या गृहस्थांना मी नाताळात फराळाचं ताट घेऊन गेले, नेहमीप्रमाणे. चहा घेताना त्यांना हसत हसत एवढंच म्हटलं, "भाऊसाहेब, मी आपलं मानत नाही हो. आपलंच आहे." ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "बाई, माझं बोलणं लागलं का तुम्हाला?" मी खरं ते सांगितलं, की लागलं. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो, आणि मग त्यांनी आणखी एक करंजी घेतली.

चर्चमधल्या त्या वडिलांशी बोलायचं अजून राहिलं आहे. पुन्हा कधी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट रविवारी आला, तर उपासना अर्धा तास उशिरा ठेवून सगळ्या मंडळीनं आधी आपापल्या गल्लीतल्या झेंडावंदनाला जावं, असं सुचवणार आहे. बघू काय म्हणतात.

तुमच्या हिशेबाच्या वहीत काय निघतं ते कधीतरी बघा. आणि रांगेत कुणाला शेवटी उभं केलं असेल, तर तो माणूस आहे तोवर त्याच्याशी बोला. मी अण्णांच्या बाबतीत उशीर केला, भावाच्या बाबतीत आज केला नाही.

देव तुम्हा सर्वांचं भलं करो.